हिशेबातली चूक दाखवणारा कारकून
महात्मा बसवेश्वरांच्या कायकजीवनाचे एक अंग



महात्मा बसवेश्वरांचे चरित्र आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणी त्यांना भक्तिभांडारी म्हणतो, कोणी समाजक्रांतीचे प्रणेते, कोणी वचनकार. ही सर्व विशेषणे यथार्थ आहेत. परंतु एक साधी गोष्ट या विशेषणांच्या गर्दीत आपल्या नजरेआड होते. बसवण्णा नोकरी करीत होते. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी दुसऱ्याच्या कचेरीत, दुसऱ्याच्या खजिन्याचा हिशेब लिहिण्यात घालविला. ते प्रथम कारकून होते, मग भांडारी झाले, मग प्रधान झाले. त्यांच्यावर वरिष्ठ होते आणि त्यांच्या हाताखालीही माणसे होती. आजच्या नोकरदाराला जे जे सोसावे लागते व जे जे मोह पडतात, ते सर्व त्यांच्या वाट्यास आले होते.

या अंगाने त्यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवण्याचे कारण आहे. बालाघाट जिल्ह्यातील आपल्या वाचकांच्या घरांतून कोणी भरवेली, उकवा, तिरोडी येथील मँगेनीजच्या खाणीत आहे, कोणी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत, कोणी वाराशिवनीच्या हातमागावर, कोणी धानाच्या गिरणीत, तर कोणी सरकारी कचेरीत. दिवसाचे आठ-दहा तास जेथे जातात ते ठिकाण धर्माच्या कक्षेबाहेर कसे राहील? सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली, आणि पाळीवर गेल्यावर वरिष्ठापुढे खोटे बोललो किंवा हाताखालच्याचे तोंड दाबले, तर ती पूजा कोठे पोहोचली? अलीकडच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत कर्मचाऱ्यांचे सबलीकरण, सांघिक कार्य, सुसंवाद असे शब्द वारंवार येतात. शब्द नवे आहेत, विषय आपल्या शरणांच्या परिचयाचा आहे.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बागेवाडी येथे मादरस व मादलांबिका यांच्या पोटी बसवण्णांचा जन्म झाला. हे गाव आजच्या विजयपूर जिल्ह्यात आहे. घर शैव ब्राह्मणाचे, सुखवस्तू. अक्कनागम्मा ही त्यांची वडील बहीण. कोवळ्या वयातच त्यांनी जानव्याचा त्याग केला आणि कृष्णा व मलप्रभा यांच्या संगमावरील कूडलसंगम क्षेत्री येऊन विद्या व उपासना यांत ते रमले. त्या काळी संस्कृत ही पंडितांची भाषा होती. संस्कृत विद्येच्या वातावरणात वाढलेल्या या तरुणाने पुढे वचने लिहिली ती मात्र कन्नडात, नांगर धरणाऱ्याला आणि जाते ओढणारीला कळेल अशा बोलीत. बोलणाऱ्याचे पांडित्य दिसावे म्हणून बोलायचे की ऐकणाऱ्याला समजावे म्हणून बोलायचे, हा निर्णय त्यांनी लवकरच घेतलेला दिसतो. पुढच्या साऱ्या कार्याचा पाया तोच आहे.

कूडलसंगमाहून ते मंगळवेढ्यास आले. आपण मराठी वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे की हे मंगळवेढे आजच्या सोलापूर जिल्ह्यातले. कल्याणच्या चालुक्यांचा मांडलिक असलेल्या कलचुरी बिज्जळाचे ते ठाणे होते. बसवण्णांच्या नोकरीचा आरंभ महाराष्ट्राच्या भूमीवर झाला.

हा आरंभ कसा झाला, ते हरिहर कवीने आपल्या बसवराजदेवर रगळेत सांगितले आहे. मंगळवेढ्याच्या कचेरीत कारकून मंडळी हिशेब करीत बसली होती. हा अनोळखी तरुण शेजारी बसून पाहत होता. चाललेल्या हिशेबात एक चूक त्याच्या लक्षात आली आणि ती त्याने बोलून दाखविली. सिद्धदंडाधिप नावाचा अधिकारी त्या कचेरीचा प्रमुख होता. त्याने चूक तपासली, ती खरी निघाली, आणि त्याने त्या तरुणास आपल्या हाताखाली कामावर घेतले.

वाचकहो, ही कथा आपण बसवण्णांच्या बुद्धिमत्तेची म्हणून ऐकतो. तशी ती आहेच. पण तिच्यात दुसरा एक मोठा माणूस आहे, त्याच्याकडे क्षणभर पाहा. परगावचा, वयाने लहान, कसलाही अधिकार नसलेला एक तरुण भर कचेरीत म्हणतो की तुमचा आकडा चुकला. अशा वेळी प्रमुखापुढे दोन वाटा असतात. तू कोण मला सांगणारा, असे म्हणून त्याला बाहेर घालविणे ही सोपी वाट. आकडा पुन्हा मांडून पाहणे ही अवघड वाट. सिद्धदंडाधिपाने अवघड वाट धरली. त्याने सोपी वाट धरली असती तर कल्याणचे भांडार एका सचोटीच्या माणसाला मुकले असते, आणि बसवण्णांच्या आयुष्याला कोणते वळण लागले असते हे कोणी सांगावे? ज्याच्या जीवनाचे दार एका वरिष्ठाच्या ऐकून घेण्याने उघडले, त्याने पुढे हजारो सामान्यांसाठी ऐकून घेणारे दार उघडे ठेवले, यात मला एक सुसंगती दिसते.

काळाच्या ओघात बिज्जळ प्रबळ झाला. ११६२ च्या सुमारास त्याने चालुक्यांचे सिंहासन बळकावून राजपद धारण केले आणि कल्याण, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, हे त्याच्या सत्तेचे केंद्र झाले. बसवण्णा भांडारी व प्रधान म्हणून तेथे आले. राज्याच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आल्या. अशा उंचीवर माणसाचे काय होते ते आपण रोज पाहतो. हाताखालची माणसे खरे बोलेनाशी होतात. जे साहेबास रुचेल तेच साहेबाच्या कानी जाते. बसवण्णांनी या रोगावर जो उपाय केला त्याचे नाव अनुभवमंटप.

अनुभवमंटपात कोण बसत होते? नाव वल्हविणारा अंबिगर चौडय्या, कपडे धुणारा मडिवाळ माचय्या, बांबूच्या टोपल्या विणणारा मेदार केतय्या, चामडे कमावणारा डोहर कक्कय्या, दोर वळणारा नुलिय चंदय्या, अंगण झाडणारी सत्यक्का. प्रधानाच्या वाड्यात यांपैकी कित्येकांना त्या काळच्या रूढीने उंबरा ओलांडणेही वर्ज्य होते. बसवण्णांनी त्यांना आत घेतले, एवढे सांगून आपण थांबतो. त्यांना आत घेऊन बसवण्णांनी त्यांना काय काम दिले हे अधिक महत्त्वाचे आहे. त्यांना बोलायला लावले. प्रश्न विचारायला, प्रतिवाद करायला, स्वतःचा अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडायला लावले. संवाद या शब्दात सम् हा उपसर्ग आहे, आणि मिळून बोलणे हा त्याचा अर्थ. एक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात त्याला आज्ञा म्हणावे, प्रवचन म्हणावे, संवाद म्हणू नये.

आणि या मंटपातील सर्वोच्च आसनावर कोणास बसविले? शून्यसिंहासनावर बसण्याचा मान अल्लमप्रभूंचा. परंपरा सांगते की प्रभू हे मद्दळे वाजविणाऱ्या कलावंताच्या जीवनातून आले होते. वाडा बसवण्णांचा, मांडणी बसवण्णांची, राज्यात अधिकार बसवण्णांचा. पण सभेचे अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे ठेवले नाही. ज्याचा अनुभव अधिक त्याला वरचे आसन दिले आणि आपण खाली बसले. आजच्या एखाद्या कचेरीत मोठ्या साहेबाने बैठकीचे अध्यक्षपद जाणत्या मिस्त्रीस देऊन स्वतः कोपऱ्यातील खुर्ची घ्यावी, तसे हे होते.

प्रभूंच्या आगमनाची कथा शून्यसंपादने या ग्रंथात आहे. ती कामाच्या ठिकाणच्या सुसंवादाविषयी पुष्कळ शिकविते. अल्लमप्रभू सिद्धरामांसह बसवण्णांच्या महामनेच्या दाराशी आले. बसवण्णा त्या वेळी इष्टलिंगपूजेत मग्न होते. त्यांनी स्वतः न उठता हडपद अप्पण्णांस स्वागतास पाठविले. प्रभू आत येईनात. निरोप्याकरवी आलेले बोलावणे त्यांनी मानले नाही. तेव्हा अक्कनागम्मांचे पुत्र चन्नबसवण्णा, वयाने बसवण्णांहून कितीतरी लहान, मामांस स्पष्ट बोलले की जंगमरूपाने लिंग दारात उभे असता आपण आत कोणाची पूजा करीत आहात? बसवण्णा रागावले नाहीत. आपण पूजेत होतो, ही सबबही पुढे केली नाही. उठले, दाराशी गेले आणि त्यांनी प्रभूंचे पाय धरले.

पूजेसारख्या पवित्र कारणानेसुद्धा माणसाला माणसाकडे स्वतः जाण्याचे टाळता येत नाही, हे येथे शरणांनी ठरवून टाकले. मग कामाच्या गर्दीची सबब कितीशी टिकेल? जो निरोप स्वतः जाऊन सांगायला हवा तो शिपायाकडून चिठ्ठीने जातो, नोटीस फळ्यावर लावून साहेब मोकळा होतो, हल्ली तर मोबाईलवर दोन ओळी पाठवून काम भागते. ज्याच्या पगाराला कात्री लागली, ज्याची बदली झाली, त्याला ते फळ्यावरून कळते. अशा ठिकाणी माणसे आत येत नाहीत, दाराशीच उभी राहतात. देहाने कामावर असतात, मनाने नसतात.

येथे हडपद अप्पण्णांकडेही पाहू. हडपद म्हणजे विड्याची पिशवी बाळगणारा सेवक. बसवण्णांच्या अगदी निकटचा हा नोकर. पण त्याची वचने आज आपल्या हाती आहेत, आणि त्याची पत्नी लिंगम्मा हिचीही आहेत. एका प्रधानाचा विडेकरी आणि त्याची पत्नी यांचे चिंतन आठशेहून अधिक वर्षे टिकून राहावे, असे उदाहरण जगाच्या इतिहासात कितीदा सापडेल?

वचने टिकली ती कोणाच्या नावाने, हाही विचार करावा. प्रत्येक शरणाच्या वचनाला त्याची स्वतःची अंकितमुद्रा आहे. बसवण्णांची मुद्रा कूडलसंगमदेव, प्रभूंची गुहेश्वर, लक्कम्मांची वेगळी, चौडय्यांची वेगळी. विजापूरच्या फ. गु. हळकट्टींनी घरोघरी हिंडून ताडपत्रे जमविली आणि १९२३ साली वचनशास्त्रसाराचा पहिला भाग प्रसिद्ध केला. ती वचने निवडून वेगळी करता आली ती या मुद्रांमुळे. बसवण्णा प्रमुख होते म्हणून सर्वांची वचने त्यांच्या नावावर जमा झाली नाहीत. आता आपल्याकडे पाहा. युक्ती सुचते फिटरला, अहवालात सही होते वरच्याची. बक्षीस मिळते विभागप्रमुखास, आणि ज्याने रात्रपाळीत यंत्राचा आवाज ओळखला त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्याच्या वचनावर आपली मुद्रा उमटविणे हा शरणांच्या दृष्टीने द्रोह आहे. तो पैशाच्या चोरीहून कमी लेखू नये.

एवढ्याने कोणाचा असा समज होईल की बसवण्णा सर्वांशी गोड बोलत, सढळ हाताने देत आणि म्हणून लोक त्यांच्यावर प्रसन्न होते. तसे मुळीच नव्हते. देण्याच्या बाबतीतच त्यांच्या माणसांनी त्यांना अडविले आहे.

आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे दांपत्य महामनेच्या आवारात सांडलेले तांदूळ वेचून त्यावर निर्वाह करी व उरलेल्यातून दासोह करी. एकदा त्यांची परीक्षा पाहण्यासाठी बसवण्णांनी नित्यापेक्षा अधिक तांदूळ सांडविले. मारय्यांनी ते वेचून घरी आणले. लक्कम्मांनी ओटी पाहिली आणि विचारले की आज हे अधिक कोठून? आपल्या गरजेपुरते ठेवून जास्तीचे जेथून आणले तेथे टाकून या, असे त्यांनी पतीस सांगितले आणि मारय्यांनी तसेच केले. आणखी एकदा मारय्या अनुभवमंटपात प्रभूंशी चर्चेत इतके रंगले की कायकाचे भान राहिले नाही. तेव्हाही लक्कम्मांनीच त्यांना हटकले. चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या बालाघाटच्या शेतकऱ्यांस आणि गिरणीत धान पाखडणाऱ्या मायबहिणींस ही कथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. दाण्याची किंमत त्यांना ठाऊक आहे.

मोळिगे मारय्या डोक्यावर मोळी घेऊन सरपण विकीत. परंपरा सांगते की ते पूर्वाश्रमीचे राजे होते. त्यांचे दारिद्र्य पाहून बसवण्णांनी गुपचूप त्यांच्या घरी सोन्याची नाणी ठेवली. मारय्यांना ती सापडली, त्यांनी ती जंगमांस वाटून टाकली आणि पुन्हा मोळी उचलली. मडिवाळ माचय्यांची गोष्ट याहून कठोर आहे. आपण दाते आहोत असा अभिमानाचा सूक्ष्म स्पर्श बसवण्णांच्या मनास झाला, तेव्हा या परिटाने प्रधानाची कानउघाडणी केली आणि प्रधानाने ती मस्तक लववून ऐकली.

या तिन्ही कथांचे सार एकच आहे. कष्ट करणाऱ्याला मालकाची दया नको असते; त्याला कामाचा रास्त मोबदला हवा असतो आणि आपले स्थान हवे असते. दिवाळीस मिठाईचा पुडा दिला, वर्षातून एकदा पाठीवर हात ठेवला, की सबलीकरण झाले असे पुष्कळांस वाटते. शरणांनी प्रधानाचे सोने वाटून टाकले, आणि प्रधानाला चूक सांगण्याचा आपला अधिकार मात्र सोडला नाही. दासोह या शब्दाची फोड दासोऽहम् अशी करतात. देणाऱ्याने स्वतःला दास मानावे, घेणाऱ्याला दास करू नये.

राजदरबारी बसवण्णांचे शत्रू होतेच. भांडारातील द्रव्य जंगमांवर उधळले जाते, अशी चुगली बिज्जळाच्या कानी गेली. राजाने झडती घेण्यास सांगितले. भांडार उघडले, मोजदाद झाली, आणि पै न पै जागेवर निघाली. भाविकांनी यात कूडलसंगमनाथाची कृपा पाहिली आणि ते योग्यच आहे. मी आपणास तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहण्यास सांगेन. ज्याने हिशेबातली चूक दाखवून नोकरी मिळविली, त्याने स्वतःचा हिशेब कोणालाही केव्हाही पाहता येईल असा ठेवला होता. जो हाताखालच्याला प्रश्न विचारू देतो त्याची वही स्वच्छ असावी लागते. वही स्वच्छ नसेल तर माणूस प्रश्नांना भितो आणि प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू समजतो.

आता चरित्राच्या उत्तरार्धाकडे वळू. कायकात उच्चनीच नाही, लिंगदीक्षा झाल्यावर जात उरत नाही, हे तत्त्व मंटपात बोलले जात होते. चर्मकार कुळातील हरळय्या आणि ब्राह्मण कुळातील मधुवरस या दोन शरणांनी आपल्या मुलामुलीचा विवाह करून ते आचरणात आणले. सनातनी खवळले. बिज्जळाने हरळय्या व मधुवरस यांस देहान्त शिक्षा दिली. बसवण्णा कल्याण सोडून कूडलसंगमी गेले आणि ११६७ च्या सुमारास तेथेच लिंगैक्य झाले. त्याच सुमारास कल्याणात रक्तपात होऊन बिज्जळाचा वध झाला. शरण वचनांचे गठ्ठे घेऊन दाही दिशांस पांगले. चन्नबसवण्णांबरोबरची मंडळी उळवीच्या अरण्यात गेली. पुढे वीस वर्षांच्या आत कलचुरींची कल्याणातील सत्ताही संपली.

एकाच नगरात दोन सभा होत्या. एकीत परीट प्रधानाची चूक सांगत होता. दुसरीत राजाला आवडेल तेवढेच बोलले जात होते. राजाच्या हाती सैन्य होते, खजिना होता. पण त्याला थांबविणारा एकही शब्द त्याने जवळ शिल्लक ठेवला नव्हता. पहिल्या सभेचे शब्द आज आपण वाचतो आहोत. दुसऱ्या सभेतले कोणाला आठवते?

वाचकहो, हा केवळ राजेरजवाड्यांचा विषय नाही, प्राणांचा विषय आहे. मंगळवेढ्याचे नाव वर आले, त्याच मंगळवेढ्यात पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, १३३८ साली, संत चोखामेळा गावकुसाच्या बांधकामावर राबत असता कूस कोसळून त्याखाली गेले. त्यांच्याबरोबर आणखी मजूर होते. भिंत डळमळते तेव्हा ते प्रथम कोणाला कळते? तिच्या पायाशी जो दगड लावीत असतो त्याला. पण गावकुसाबाहेर राहणाऱ्याच्या शब्दाला गावात किंमत नसे. ज्या गावी एका अनोळखी तरुणाचा शब्द ऐकला गेला होता, त्याच गावी हे घडावे, याचा विचार करावा.

भरवेलीची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगेनीज खाण म्हणून ओळखली जाते. तेथे काम करणाऱ्या आपल्या बांधवांस मी खाणीविषयी काय सांगणार? त्यांनीच आपल्याला सांगावे. भूगर्भातील कामात लोखंडी पहारीने छत ठोकून पाहतात. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला दगड पोकळ वाजतो. तो पोकळ आवाज कचेरीत बसलेल्या अभियंत्याच्या कानी पडत नाही. तो पहार धरणाऱ्याच्या कानी पडतो. त्याने ते मेटला सांगितले, मेटने वर कळविले, आणि वरच्याने काम थांबविले, तर पाळीतली सारी माणसे संध्याकाळी घरी येतात. या साखळीत एक जण जरी वरच्याच्या रागाला भिऊन गप्प बसला, किंवा आज इतके टन निघालेच पाहिजे म्हणून ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर काय होते ते खाणपट्ट्यातील प्रत्येक घर जाणते.

देशाच्या कायद्यानेही हे ओळखले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत मालक व कामगार यांच्या संयुक्त समितीची तरतूद केली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाचे कलम ४३-अ राज्यघटनेत आले. पुढे खाणींच्या नियमांत कामगार निरीक्षक व सुरक्षा समिती यांची भर पडली. या सर्व गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु समितीच्या बैठकीत सही करून चहा पिऊन उठणे आणि मंटपात बसणे यांत अंतर आहे. कायदा खुर्ची देतो. त्या खुर्चीवर बसलेल्याने निर्भयपणे बोलावे आणि समोरच्याने शांतपणे ऐकावे, हे शील कायद्याने येत नाही.

मठही याला अपवाद नाही. मठातही कोणी स्वयंपाक करतो, कोणी अंगण झाडतो, कोणी जमाखर्च लिहितो. पीठावर बसणाऱ्याला महाराज, हे चुकले, असे म्हणण्याची मुभा या माणसांस नसेल तर त्या पीठाने शून्यसिंहासनाचे नाव घेऊ नये. हे मी प्रथम स्वतःस सांगतो आणि मग आपणास.

मग आपण काय करावे? आपल्या हाताखाली एक जरी माणूस असेल, घरची मोलकरीण का असेना, तर तिने चूक दाखविल्यास प्रथम आकडा पुन्हा मांडून पाहावा. राग त्यानंतर यायचा असेल तर येईल. कटू निर्णय ज्याला सांगायचा त्याच्याकडे आपल्या पायांनी जावे. दुसऱ्याच्या कष्टावर आपली मुद्रा उमटवू नये, चारचौघांत त्याचे नाव घ्यावे. आणि आपण स्वतः हाताखालचे असू, तर लक्कम्मांचे स्मरण ठेवावे. हक्काचे सोडू नये, अधिकाचे घेऊ नये, आणि दिसलेली चूक नम्रपणे पण वेळेवर बोलावी. बोलण्याने नोकरी जाईल ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बोलणाऱ्यास शिक्षा होते. हरळय्या व मधुवरसांनी तर प्राण दिले. म्हणूनच एकट्याला पुढे ढकलू नये. मंटप एकट्याचा नसतो. जो बोलतो त्याच्या बाजूला चार जणांनी उभे राहावे, सांघिक कार्य म्हणतात ते याहून निराळे काय आहे?

वैशाखातील अक्षय्य तृतीयेस आपण बसवजयंती साजरी करतो. मिरवणूक निघते, पाळणा होतो, प्रसाद होतो. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणी सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या एका माणसाजवळ जाऊन बसावे, येथे काय चुकते आहे असे त्याला विचारावे, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. मंगळवेढ्याच्या त्या कचेरीत एका अधिकाऱ्याने एवढेच केले होते.

शरणु शरणार्थी.